इंग्रजी काळांची पूर्वपीठिका

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यापुढें तीन काळ व प्रत्येकाचे चार प्रकार मिळून बारा घरांचा तक्ता ठेवण्यांत येतो, आणि तो मुखोद्गत झाला म्हणजे काळांचें ज्ञान झालें असें आपण मानतों. परंतु तक्ता पाठ असलेलाच विद्यार्थी ‘आय हॅव कम यस्टर्डे’ असें लिहितो आणि शिक्षकांच्या रोषास पात्र होतो. हा दोष त्याच्या बुद्धिमांद्याचा नव्हे, असें आमचें मत आहे. आणि तें समजण्यास या काळांचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे.

सुमारें अकराव्या शतकापर्यंतच्या प्राचीन इंग्रजींत क्रियापदाला रूपानें दोनच काळ होते : वर्तमान व भूत. भविष्याचें काम बहुधा वर्तमानाचेंच रूप करी. ‘शॅल’ आणि ‘विल’ हीं मूळचीं स्वतंत्र क्रियापदें. पहिल्याचा अर्थ ऋणानें वा कर्तव्यानें बांधलेलें असणें, दुसऱ्याचा इच्छिणें. कर्तव्य व इच्छा या दोहोंचें तोंड पुढील काळाकडेच असतें. त्यामुळें मूळ अर्थ झिजून भविष्याचा अर्थ वर आला. ‘हॅव’ची कथाही अशीच. ‘माझ्यापाशीं पत्र लिहिलेलें आहे’ अशा स्वामित्वदर्शक रचनेंतून ‘मीं पत्र लिहिलें आहे’ हा पूर्णकाळ निपजला. अपूर्णकाळाचा सर्रास प्रचार त्याहून उशिराचा. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकांत पोलोनियस राजपुत्राला काय वाचतां म्हणून विचारतो, तें साध्या वर्तमानकाळांत. आज तेथें अपूर्ण वर्तमानच येईल. ‘घर बांधलें जात आहे’ या अर्थाची आजची कर्मणि रचना तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुढें आली, आणि एकोणिसाव्या शतकांतही कित्येक पंडित तिला अशुद्ध म्हणत.

भाषा अशी पुढें चालली आणि व्याकरण मागाहून आलें. जॉन वॉलिस यानें १६५३ सालीं लॅटिनमध्यें लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणांत ‘शॅल’ व ‘विल’ कोणत्या पुरुषीं कसे योजावे याचा नियम घातला. प्राणवायूच्या शोधामुळें प्रसिद्ध असलेल्या जोसेफ प्रीस्टली यानें १७६१ च्या आपल्या व्याकरणांत इंग्रजीला भविष्यकाळ मानण्याचें कारणच नाहीं, असें प्रतिपादिलें. उलट, १७९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या लिंडले मरे याच्या व्याकरणांत लॅटिनच्या धर्तीवर सहा काळ आले, आणि शाळांतून तेंच पुस्तक चाललें. काळ किती, याविषयीं खुद्द इंग्रजांचेंच एकमत नव्हतें.

आतां आपल्या विद्यार्थ्याकडे वळूं. ‘तो काल आला आहे’ हें मराठी वाक्य निर्दोष आहे. ‘काल’ या शब्दानें येण्याची वेळ सांगितली, ‘आहे’नें तो अद्याप येथेंच असल्याचें सुचविलें. इंग्रजी पूर्ण वर्तमानाला मात्र गतकाळाची निश्चित वेळ सोसत नाहीं. ‘काल’ म्हटलें कीं साधा भूतकाळच हवा. सतराव्या शतकांतील इंग्रजी लेखनांतही ही सांगड अधूनमधून आढळते. नियम पुढें घट्ट झाला.

नियम पाळूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. प्रत्येक रूप कोणता अर्थ वाहतें हें आधीं समजवावें, तक्ता मागाहून द्यावा, एवढेंच आमचें सांगणें. विद्यार्थ्याच्या त्या चुकींत त्याची मातृभाषा बोलत असते. तिला हिणविण्यापेक्षां दोन भाषांतील भेद दाखविला, तर तो इंग्रजी शिकेलच, आणि मराठीही अधिक डोळसपणें बोलेल.