तार वाकवून बघणारा जॉन्सन

‘हायड्रोजनने पोलादाची ताकद जाते,’ असं कुणी म्हणालं की माझ्यातला टेस्टिंगवाला खवळतो. अहो, स्टेनलेसच्या बाबतीत तरी ताकदीचा आकडा बहुतेकदा जागच्या जागी असतो. जाते ती लवचिकता.

मँचेस्टरच्या विल्यम जॉन्सनने हे नुसती तार वाकवून दाखवलं होतं. रॉयल सोसायटीने 1875 मध्ये छापलेल्या त्याच्या लेखात सगळं आहे. लोखंडी तार काही मिनिटं हायड्रोक्लोरिक किंवा पातळ सल्फ्युरिक आम्लात बुडवली, की एरवी दुमडून परत सरळ होणारी तीच तार एकदा दुमडली की तुटायची. तुटलेलं टोक ओलं केलं की बुडबुडे यायचे. नायट्रिक आम्लात मात्र काही बिघडायचं नाही, कारण तिथे हायड्रोजन सुटत नाही. आणि तार नुसती पडून राहिली की हळूहळू पूर्ववत व्हायची! चोरी करून चोर आपणच पसार. इतका नेटका प्रयोग मला पुढच्या जाडजूड अहवालांतही क्वचितच दिसला.

स्टेनलेस तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. ते 1912-13 च्या सुमारास एसेन आणि शेफील्डमध्ये आलं, आणि त्याची परीक्षा गंजापुरती राहिली. हायड्रोजनचा प्रश्न ऐरणीवर आणला रॉकेटांनी. नासासाठी रॉकेटडाइन कंपनीतल्या वॉल्टर आणि चँडलर यांनी 1969 च्या अहवालात खाच पाडलेले नमुने सुमारे 690 बार हायड्रोजनमध्ये ओढले आणि तेवढ्याच दाबाच्या हेलियमशी ताडून पाहिले. स्टेनलेसच्या प्रकारांपैकी 410 आणि 440सी पार कोलमडले, 304एलवर थोडा परिणाम झाला, 316 जवळजवळ तसंच राहिलं.

304 का डगमगतं? ताणताना त्याचा काही भाग मार्टेन्साइट या कठीण रचनेत बदलतो, आणि हायड्रोजनला तिथे सहज वाट मिळते. उणे 50 अंशांच्या आसपास तर ते अधिकच बिघडतं. निकेल वाढवलं की हे रूपांतर आवरतं.

हायड्रोजनला धातूत शिरायला वेळ लागतो, म्हणून चाचणीत नमुना मुद्दाम सावकाश ओढतात. एरवी काही मिनिटांत तुटणारा नमुना इथे तासन्‌तास चालतो. मग तुटलेल्या जागी मान किती बारीक झाली, ते मोजायचं.

316 च्या प्रमाणपत्रात निकेल 10 ते 14 टक्के चालतं. हायड्रोजनच्या कामाला मात्र 12 च्या वरचंच मागा, आणि हीटचा, म्हणजे त्या ओताचा, अहवाल स्वतः वाचा.