अर्धा प्रयोग, पूर्ण तिकीट : अमेरिकी ड्रम कोअरमधला एक जुना वाद

१/
जूनच्या अखेरीस अमेरिकेतील लहानमोठ्या गावांच्या फुटबॉल मैदानांवर एक विलक्षण दृश्य दिसते. दीडशेच्या आसपास तरुण वादक आणि निशाणधारी धावत, वळत, आकृत्या रचत सात-आठ मिनिटे वाजवतात आणि एकाएकी थांबतात. उरलेले संगीत ते कमानीत उभे राहून वाजवतात; कधी तेही होत नाही. प्रयोगाचा शेवट अजून बसवलेलाच नसतो. प्रेक्षकांनी तिकीट मात्र पूर्ण काढलेले असते. अपुरा प्रयोग लोकांपुढे आणावा का, हा ड्रम कोअरच्या जगातला नेहमीचा वाद आहे. त्याचे मूळ या कलेच्या शंभर वर्षांच्या इतिहासात सापडते.

२/
ड्रम कोअर म्हणजे पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि निशाणे फिरवणारा ‘कलर गार्ड’ यांचे संचलन करणारे पथक. बासरी, क्लॅरिनेट यांना त्यात स्थान नाही, कारण या कलेचा जन्म सैन्याच्या बिगुलातून आणि नगाऱ्यातून झाला. पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांनी १९१९ मध्ये ‘अमेरिकन लीजन’ ही संघटना स्थापन केली. या संघटनेच्या आणि ‘व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स’च्या आश्रयाने गावोगावी पथके उभी राहिली. पुढे चर्च, स्काउट आणि वस्त्यांमधली मुलांची पथके त्यांना येऊन मिळाली. स्पर्धा सुरू झाल्या, त्यांचे नियमही माजी सैनिकांनीच केले.

३/
त्या नियमांवर लष्करी शिस्तीची छाप होती. प्रयोग मैदानाच्या एका टोकाला सुरू होई आणि दुसऱ्या टोकाला संपे. मध्ये राष्ट्रध्वजाला मानवंदना असे. रचना उजवीडावीकडे सारख्या असत. परीक्षक रांगांमधून फिरत आणि दिसलेल्या प्रत्येक चुकीसाठी एक दशांश गुण कापत. हीच ती ‘टिक’ पद्धत. अशा पद्धतीत नवे धाडस करणे तोट्याचे होते. ठरलेली कवायत लवकर पक्की करायची आणि उरलेला हंगाम तिच्यातल्या चुका वेचण्यात घालवायचा, हेच शहाणपण मानले जाई.

४/
दुसरी गोष्टही त्या पद्धतीला पोषक होती. पथके स्थानिक असत. मुले आसपासच्या वस्त्यांतच राहत असल्यामुळे हिवाळाभर दर आठवड्याला तालीम घेता येई. स्पर्धेच्या तोंडावर प्रयोग कच्चा असला, तरी त्याचा सांगाडा बहुधा उभा असे. प्रेक्षक गावातलेच. ज्या पथकाला ते जूनमध्ये पाहत, त्यालाच जुलैत आणि ऑगस्टमध्येही पाहू शकत.

५/
१९७१ मध्ये काही प्रमुख पथकांच्या संचालकांनी बंड केले. नियम ठरवण्यात पथकांना आवाज नव्हता आणि प्रयोगांचा मोबदलाही तुटपुंजा होता. त्यातून ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही पथकांची स्वतःची संस्था जन्मली. १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅनाहाइम किंग्समेन पथकाने ती जिंकली. या बंडाचा एक परिणाम तेव्हा फारसा कुणाच्या ध्यानी आला नसावा. आजवर पथके दुसऱ्याच्या नियमांनी वाजवत होती. आता नियम त्यांचे, दौरा त्यांचा, तिकीटही त्यांच्याच नावावर विकले जाणारे. प्रेक्षकाला काय द्यायचे, याचे उत्तरही आता त्यांनाच द्यावे लागणार होते.

६/
खरा पालट १९८० च्या दशकात झाला. न्यू जर्सीच्या गारफील्ड कॅडेट्स पथकाने १९८३ मध्ये अजिंक्यपद मिळवले आणि पुढची दोन वर्षेही राखले. त्यांचे कवायत-रचनाकार जॉर्ज झिंगाली यांनी उजवीडावीकडची सारखी मांडणी मोडून मैदानभर वाहत जाणाऱ्या, सतत रूप बदलणाऱ्या आकृत्या आणल्या. १९८४ पासून ‘टिक’ पद्धतही गेली. चुका मोजून गुण वजा करण्याऐवजी जे साधले त्याला गुण देण्याची पद्धत आली. आज शंभरपैकी ४० गुण ‘एकूण परिणामा’ला आहेत, दृश्य आणि संगीत यांना प्रत्येकी ३०.

७/
ज्या दिवशी परिणामाला इतके महत्त्व आले, त्या दिवशी प्रयोग ही पाठ करण्याची कवायत राहिली नाही. ती सतत दुरुस्त होणारी रचना झाली. एखादा प्रसंग रंगत नसेल तर जुलैत बदला, शेवट फिका वाटला तर ऑगस्टमध्ये नवा लिहा. २००४ मध्ये ध्वनिवर्धनाला आणि २००९ मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यांना परवानगी मिळाली. नेपथ्य वाढले, पोशाख प्रयोगागणिक नवे होऊ लागले. जुळवायच्या गोष्टी वाढल्या, उन्हाळा मात्र तेवढाच राहिला.

८/
त्यातच पथकांची घडण बदलली. आजच्या आघाडीच्या पथकातली मुले देशाच्या कानाकोपऱ्यांतून, कधी परदेशातूनही येतात. हिवाळ्यात अधूनमधून शनिवार-रविवारची शिबिरे होतात. सलग तालीम सुरू होते ती मेच्या अखेरीस. हजारो डॉलरचे शुल्क भरून आलेली ही मुले शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोपतात आणि दिवसभर उन्हात सराव करतात. सुमारे महिन्याभरात पहिला प्रयोग येऊन ठेपतो. तेव्हा शेवट बसलेला नसला, तर त्यात आळसापेक्षा वेळेच्या गणिताचा वाटा मोठा असतो.

९/
अपुरा प्रयोग करावा असे म्हणणाऱ्यांची बाजू म्हणूनच भक्कम आहे. रिकाम्या मैदानावर कितीही तालीम केली, तरी हजारो डोळ्यांसमोर श्वास कसा टिकवायचा हे तिथे शिकता येत नाही. प्रेक्षक कुठे दाद देतात आणि कुठे चुळबुळतात, हे रचनाकारालाही तिथेच कळते. परीक्षक प्रयोग चालू असताना आपली टिप्पणी ध्वनिमुद्रित करतात. शिक्षक ती ऐकून दुसऱ्या दिवशीची तालीम आखतात. जूनमध्ये सत्तरच्या आसपास असलेले गुण ऑगस्टमध्ये नव्वदीच्या वर जातात ते याच वाटेने. शिवाय अजिंक्यपद अंतिम रात्रीच्या गुणांवर ठरते. जूनच्या गुणांचे ओझे तिथवर येत नाही.

१०/
विरोधकांचे म्हणणेही हलके नाही. पथकाला पुढे बरेच प्रयोग असतात. त्या गावाला बहुधा वर्षातून एकच. घरातल्या मुलांना घेऊन पहिल्यांदाच आलेल्या कुटुंबाला ऑगस्टमधला शेवट दिसणार नसतो. त्यांच्या लेखी हीच ती कला : मधेच तुटलेली. स्थानिक संयोजक अनेकदा शाळेच्या बँडसाठी निधी जमवणारे पालक असतात. निराश प्रेक्षक पुढच्या वर्षी फिरकला नाही तर झळ त्यांना लागते. घाईने शिकवलेल्या वेगवान कवायतीत धडक होण्याचा धोका असतो. आणि शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या या काळात जूनचे चित्रीकरण पथकाच्या नावाला हंगामभर चिकटते.

११/
अशा वादावर अमेरिकी रंगभूमीने फार पूर्वी एक तोडगा काढला होता. ब्रॉडवेवर येण्याआधी नाटके न्यू हेवन, बोस्टन अशा शहरांत चाचणीसाठी नेली जात. मार्च १९४३ मध्ये न्यू हेवनच्या प्रेक्षकांनी ‘अवे वुई गो!’ नावाचे एक संगीतक पाहिले. दौऱ्यात त्यात बदल होत गेले, नावही बदलले, आणि महिनाअखेरीस ते न्यूयॉर्कमध्ये ‘ओक्लाहोमा!’ म्हणून उभे राहिले. न्यू हेवनच्या रसिकाला आपण घडत असलेले नाटक पाहतो आहोत याची कल्पना असे. त्यात त्याला एक प्रकारचा मानही वाटे. ड्रम कोअरच्या जूनमधल्या प्रेक्षकाला अशी जाणीव क्वचितच करून दिली जाते. त्याच्या तिकिटावर ‘स्पर्धा’ छापलेले असते.

१२/
पूर्णतेची कसोटी या जगाला अपरिचित आहे असेही नाही. २००८ ची अंतिम स्पर्धा इंडियानापोलिसच्या नव्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये व्हायची होती. बांधकाम वेळेत पुरे होणार नाही असे दिसताच ती ब्लूमिंग्टनला हलवण्यात आली. तिथे फँटम रेजिमेंट पथकाने ‘स्पार्टाकस’ सादर करून ब्लू डेव्हिल्सवर अवघ्या ०.०२५ गुणाने मात केली. अपुऱ्या इमारतीत प्रेक्षकांना बसवू नये, हे सर्वांना लगेच पटले. अपुऱ्या प्रयोगासमोर बसवावे का, यावर मात एकमत होत नाही.

१३/
या वादाला २०२० ने एक वेगळी बाजू दाखवली. महामारीमुळे तो हंगामच रद्द झाला. हिवाळ्यात रचलेले, अर्धेमुर्धे बसवलेले प्रयोग त्या उन्हाळ्यात एकाही मैदानावर उभे राहिले नाहीत. पथकात वयाची मर्यादा असते. ज्यांचे ते अखेरचे वर्ष होते, त्यांना निरोपाचा प्रयोगही मिळाला नाही. २०२१ मध्ये पथके परतली ती स्पर्धेविना, मोजक्या प्रयोगांसाठी. जूनमधला तो तुटका, घामेजलेला, शेवट नसलेला प्रयोग किती मोलाचा होता, हे तेव्हा अनेकांना उमगले.

१४/
म्हणून ‘पूर्ण होईपर्यंत थांबा’ हा सल्ला इतिहासाशी जुळत नाही. १९८४ नंतरची ही कला लोकांसमोरच पूर्ण होते. पडदा टाकून ती शिजवता येत नाही. परंतु १९७१ मध्ये स्वतःची संस्था उभारणाऱ्यांनी तिकीट विकणाऱ्याची जबाबदारीही पत्करली होती. जूनच्या प्रयोगांना चाचणीचे प्रयोग म्हणावे, तिकीट त्या मानाने ठेवावे, काय तयार आहे आणि काय नाही हे ध्वनिक्षेपकावरून आधी सांगावे. कवायत बसली नसेल तिथे संगीत तरी शेवटच्या स्वरापर्यंत वाजवावे. इतके झाले, तर गावातला प्रेक्षक अर्ध्या प्रयोगावरही रागावणार नाही. उरलेला अर्धा कसा बसला, हे पाहायला कदाचित तो ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसची वाट धरील.