पुट अप विथ

इंग्रजी भाषेतील सकर्मक वाक्प्रचारात्मक क्रियापद (फ्रेजल व्हर्ब). अर्थ : न आवडणारी गोष्ट, वागणूक किंवा व्यक्ती सहन करणे, सोसणे, खपवून घेणे, चालवून घेणे.

‘ठेवणे’, ‘वर’ आणि ‘सह’ असे सुटे अर्थ जोडून सोसण्याचा अर्थ हाती लागत नाही. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत अशा जोड्या परभाषकांना सर्वांत अवघड जातात असे नोंदवले आणि ‘टेक ऑफ’, ‘ब्रेक ऑफ’ यांसारखी उदाहरणे दिली. ‘फ्रेजल व्हर्ब’ ही संज्ञा लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ (1925) या पुस्तकामुळे रूढ झाली. ती सुचवल्याचे श्रेय त्यांनी कोशकार हेन्री ब्रॅडली यांना दिले आहे.

रचना : तिन्ही शब्द एकत्र राहतात, कर्म ‘विथ’नंतरच येते. ‘पुट अप विथ इट’ शुद्ध, ‘पुट इट अप विथ’ अशुद्ध. बोलताना आघात ‘अप’वर पडतो. भूतकाळी रूप ‘पुट’ असेच राहते. ‘विथ’ गाळल्यास अर्थ पालटतो : ‘शी पुट अस अप फॉर द नाइट’ म्हणजे तिने आमची रात्रीपुरती राहण्याची सोय केली.

वापर : हा प्रयोग मुख्यतः बोलण्यातला आहे, औपचारिक लेखनात ‘टॉलरेट’ येते. नकारात तो ठाम होतो : ‘आय वोन्ट पुट अप विथ धिस’ – मी हे खपवून घेणार नाही. होकारात त्यात सोशिकपणा दिसतो : ‘शी पुट्स अप विथ अ लॉट’ – ती फार सोसते. निरोप घेताना पाहुणा ‘थँक्स फॉर पुटिंग अप विथ मी’ म्हणतो. तेथे ‘मला सांभाळून घेतलंत’ हा भाव असतो. गोंगाट, उकाडा, उशीर, दुखणे, कुणाचा तापट स्वभाव ही याची नेहमीची कर्मे. आप्ताच्या मृत्यूसारख्या आघाताबद्दल मात्र हा प्रयोग हलका वाटतो. तेथे ‘बेअर’ किंवा ‘एंड्युअर’ योग्य.

‘द नॉइज वी हॅड टू पुट अप विथ’ (आम्हाला सोसावा लागलेला गोंगाट) अशा रचनेत ‘विथ’ शेवटी येते. इंग्रजीत शब्दयोगी अव्यय वाक्याच्या शेवटी येण्याला जॉन ड्रायडन यांनी 1672 मध्ये आक्षेप घेतला होता. हा नियम ‘पुट अप विथ’ला लावला की वाक्य कसे विचित्र होते, हे दाखवणारा एक विनोद विन्स्टन चर्चिल यांच्या नावावर खपतो, तो त्यांचाच असल्याचा विश्वसनीय पुरावा नाही.

मराठीतही ‘खपवून घेणे’चा अर्थ ‘खपवणे’ आणि ‘घेणे’ यांची बेरीज करून कळत नाही. म्हणून शिकणाऱ्याने ‘पुट अप विथ’ हा एकच शब्द मानावा आणि तो नेहमी संपूर्ण वाक्यासह पाठ करावा.