घरतारण कर्ज व मूल्यांकन (सोलापूर)

घर तारण घेऊन किती कर्ज द्यायचे हे ठरवण्यासाठी त्या घराची किंमत काढण्याची पद्धत. सोलापुरातल्या एकाच घराला तीन किमती असतात : सौद्यात ठरलेली, शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यातली म्हणजे रेडी रेकनरची, आणि बँकेच्या पॅनेलवरील व्हॅल्युअरने काढलेली. साठेखतातली किंमत आणि व्हॅल्युएशन यांत जी कमी, तिच्यावर बँका सहसा कर्ज बेततात. मुद्रांक शुल्क मात्र साठेखत व रेडी रेकनर यांत जी जास्त, तिच्यावर लागते. घर घेणारा कात्रीत सापडतो तो इथे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला मूल्याच्या ९०, ७५ लाखांपर्यंत ८० आणि त्यापुढे ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. ५० लाखांना ठरलेल्या फ्लॅटचे व्हॅल्युएशन ४४ लाख आले, तर ४० लाख धरून चाललेल्याला ३५ लाख २० हजारांवर थांबावे लागते. मुद्रांक व नोंदणीचा खर्च मूल्यात धरत नाहीत; घर १० लाखांपर्यंतचे असेल तरच तशी मुभा आहे. साठेखतात न दाखवलेले ‘वरचे’ पैसे रोखीने द्यायचे ठरले, तर ती रक्कम बँकेच्या हिशेबात येतच नाही.

१ एप्रिल २०२५ पासून सोलापूर महापालिका क्षेत्रातला रेडी रेकनर सरासरी १०.१७ टक्क्यांनी वाढला. राज्याची सरासरी ३.८९ टक्के होती. सोलापूरची वाढ राज्यातल्या महापालिकांत सर्वाधिक. जिथे सौदे आधीच तक्त्याच्या वर होत होते, तिथे तिने फारसे बिघडत नाही. जिथे किंमत तक्त्याला टेकवून लिहितात, तिथे कागदावरचा आकडा वर सरकतो आणि शुल्कही. कर्ज वाढेल की नाही, हे व्हॅल्युअरच्या हाती.

व्हॅल्युअर मंजूर नकाशा, प्रत्यक्ष बांधकाम आणि आसपासचे अलीकडचे व्यवहार पडताळतो. शहराच्या पूर्व भागात खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाड अशा इमारतींत निवासी भाग वेगळा मोजावा लागतो. हद्दवाढ भागात अडचण गुंठेवारीची, म्हणजे मंजुरीविना पाडलेल्या छोट्या प्लॉटांची. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित न झालेल्या प्लॉटला गिऱ्हाईक मिळते, पण बँकेचा वकील मालकी तपासणाऱ्या सर्च रिपोर्टपाशीच अडतो. व्हॅल्युएशनपर्यंत प्रकरण पोचतच नाही.

हप्ते थकल्यास २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक घराचा ताबा घेऊ शकते. लिलावापूर्वी पुन्हा मूल्यांकन होऊन राखीव किंमत ठरते. विक्रीतून कर्ज फिटले नाही, तर उरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करण्याचा बँकेचा हक्क कायम राहतो.