मूळ पत्रा, मूळ पाठ

सिन्नरचे नाव काढले की इतिहासाच्या अभ्यासकांपुढे गोंदेश्वर उभा राहतो. यादवांच्या आरंभीच्या राजधानीचे हे गाव आणि अकराव्या-बाराव्या शतकातील ते भूमिज शैलीचे शैव पंचायतन मंदिर, यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्याच गावात उभी असलेली एक मोटार आहे. ती आमच्या घरची, १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट. चालकाच्या बाजूच्या दाराचा तळ गंजून त्याची चाळण झाली आहे. ते दार बदलावे की नाही, आणि बदलल्यास कोणते बसवावे, या प्रश्नावर गेले वर्षभर आमच्या घरात दोन पक्ष पडले होते. प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु त्याचे उत्तर शोधताना आम्हांला ज्या गोष्टींपाशी जावे लागले, त्या ग्रंथसंपादन शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना परक्या वाटणार नाहीत.

प्रथम या मोटारीची कुळकथा. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. नाशिक जिल्ह्याला वालचंदांचे नाव रावळगावच्या साखर कारखान्यामुळे आधीच परिचित होते. मोटारीच्या कारखान्याची कल्पना त्याहूनही जुनी; सर विश्वेश्वरय्यांनी तिच्यासाठी तिसाव्या दशकात खटपट केली होती, पण परक्या सरकारला तिचे अगत्य नव्हते. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली पहिल्या गाड्या बाहेर पडल्या, त्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने. पुढे इटलीतील तुरीन शहराच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९५४ पासून येथे फियाट ११०० जुळू लागली. गोलसर पाठीमुळे तिला लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटले. १९६४ साली 'डिलाइट' आली. तीच गाडी पुढे काही काळ 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली. २००० सालच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती काळी-पिवळी रस्त्यावरून उतरली.

ही वंशावळ येथे देण्याचे कारण असे की, सुटे भाग शोधणाराला नावांचा हा प्रवास फसवतो. डिलाइट आणि पद्मिनी या नावाने दोन, देहाने एक, असे सर्वजण सांगतात. ते बव्हंशी खरेही आहे. परंतु सुरुवातीच्या डिलाइटच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या कडेला, म्हणजे मधल्या खांबावर होत्या. दार पुढून उघडे. नंतरच्या गाड्यांत बिजागऱ्या पुढच्या खांबावर आल्या. म्हणजे बाजारात सहज मिळणारे पद्मिनीचे दार आमच्या गाडीला बसवायचे, तर केवळ दार बदलून भागणार नाही. दोन्ही खांबांना हात घालावा लागेल. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चौकट नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चौकट. खांब कापणे म्हणजे तिची हाडे कापणे होय.

आता गंजाविषयी. सिन्नर तालुका अवर्षणप्रवण. मुंबईच्या खाऱ्या हवेत गाड्यांचे तळ जसे गळून पडतात तसे येथे होत नाही, म्हणून आमची गाडी साठ वर्षांच्या उंबरठ्यावर उभी राहू शकली. परंतु कोरड्या मुलखात धूळ असते. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती धुळीने बुजतात. काचेच्या कडेचे रबर झिजले की थोडका पाऊसही दाराच्या पोटात उतरतो आणि तेथेच राहतो. दार हे आतली चौकट आणि बाहेरचे कातडे अशा दोन पत्र्यांचे असते. बाहेरच्या पत्र्याची कड दुमडून आतल्या पत्र्यावर दाबलेली असते. गंज सुरू होतो तो या दुमडीत, आणि रंगावर फुगवटा दिसेपर्यंत आतले काम संपलेले असते.

अशा दारासाठी पर्याय किती? कारखान्यातून निघून कुठल्या तरी दुकानाच्या माळ्यावर न विकता पडून राहिलेला मूळ माल हा पहिला. तो सर्वांत चांगला आणि सर्वांत दुर्मिळ. दुसरा पर्याय भंगारात निघालेल्या त्याच वयाच्या गाडीचे दार. टॅक्सी चालू होत्या तोवर मुंबईत या मालाचा बाजार जिवंत होता, परंतु तो मुख्यतः पद्मिनीचा. अशा दारावर लोहचुंबक फिरवून पाहावे. जेथे तो धरत नाही तेथे रंगाखाली लांबीचा जाड थर आहे असे समजावे. तिसरा पर्याय फायबरचा. तो गंजत नाही, हलका असतो. पण ठोकून सरळ होत नाही आणि लोखंडी दाराचा आवाज त्याला येत नाही. चौथा पर्याय कारागिराकडून नवा पत्रा घडवून घेण्याचा. मुसळगाव आणि माळेगावच्या औद्योगिक वसाहतींमुळे पत्र्याचे काम जाणणारी माणसे सिन्नरला दुर्मिळ नाहीत. येथे पाहायचे ते जाडीकडे: २० गेजचा पत्रा सुमारे ०.९१ मिलिमीटरचा, २२ गेजचा सुमारे ०.७१ मिलिमीटरचा. फरक केसाएवढा, पण जाड पत्रा मूळ गोलाईला वळताना हट्ट करतो आणि पातळ पत्रा दार लावताना डब्यासारखा वाजतो. म्हणून गंज न लागलेल्या जागी मूळ पत्रा मोजून त्याच जाडीचा घ्यावा, आणि रंगाआधी दार टांगून चहूबाजूंची फट सारखी आहे का ते पाहावे. पाचवा पर्याय सर्वांत जुना: आहे तेच दार ठेवावे, कुजले तेवढेच कापून काढावे आणि ठिगळ लावावे.

आमच्या वडिलांचे मत नव्या दाराच्या बाजूने होते. ही गाडी आजोबांनी मोठ्या प्रतीक्षेनंतर घेतली. ती पहिल्या दिवशी जशी झळकली तशी पुन्हा एकदा पाहावी, ही त्यांची इच्छा. आम्हांला ती इच्छा समजत होती, आणि पटत नव्हती. गावातल्या ज्या कारागिराकडे आम्ही गेलो, त्याने दाराच्या आत हात घालून चाचपले आणि म्हणाला, "सर, दार नवं करून देतो. पण मग जुनं काय राहिलं, ते तुम्हीच सांगायचं."

याच प्रश्नाला सरकारनेही २०२१ साली हात घातला. त्या वर्षीच्या जुलैत केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद मिळण्याची सोय झाली. अट अशी की, वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे आणि चौकट, बाह्य सांगाडा वा इंजिन यांत बदल करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी. वयाने आमची गाडी पात्र आहे. पद्मिनीच्या दारासाठी खांब कापले असते, तर ती पात्रताच धोक्यात आली असती. 'मूळ स्वरूप' म्हणजे काय, हा तत्त्वज्ञांचा प्रश्न येथे परिवहन कार्यालयाच्या मेजावर येऊन बसतो.

प्लूटार्कने सांगितलेली थीसियसच्या जहाजाची गोष्ट वाचकांना ठाऊक आहे: कुजलेली फळी काढून नवी बसवत गेल्यास अखेरीस ते जहाज तेच राहते काय? ग्रीसपर्यंत जाण्याची मात्र गरज नाही. हा प्रश्न मराठी वाङ्मयाने चारशे वर्षांपूर्वी हाताळला आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लेखनिकांच्या हातून शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले आणि या ग्रंथात स्वतःची ओवी घालू पाहणाऱ्यास बजावून ठेवले. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथपूर्व मानलेल्या एका प्रतीवरून ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा वाद माजला. वादाचे मूळ हेच की, जी प्रत लोकांनी शतकानुशतके पाठ केली ती मूळ मानावी, की तिच्याआधीची? एकनाथांनी नवे दार बसवले की जुन्याचा गंज काढला?

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पूर्ण केले. सुकथनकरांनी घालून दिलेल्या पद्धतीत एक लहानशी खूण आहे, ती आम्हांला फार मोलाची वाटते. ज्या पाठाविषयी संपादकाची खात्री नाही, त्याखाली नागमोडी रेघ येते. वाचकाला पाठ मिळतो, आणि तो कितपत भरवशाचा हेही कळते. प्राचीन वास्तूंच्या जतनाविषयीची १९६४ सालची व्हेनिसची सनदही हेच निराळ्या शब्दांत सांगते: जेथे तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, हरवलेल्या भागाच्या जागी घातलेला नवा भाग एकूण रूपाशी जुळावा, परंतु मुळापासून ओळखू यावा. तिच्याच धर्तीवर ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली एक सनद स्वीकारली. तिला नाव तुरीनचे आहे. आमच्या गाडीचे कूळही तेथलेच.

तात्पर्य, दार बदलायचे नाही असे ठरले. वडिलांनी संमती दिली, ती युक्तिवादाने नव्हे. दार उतरवून आतली बाजू उजेडात धरली, तेव्हा कापडी अस्तराखाली आजोबांच्या अक्षरातला पेन्सिलीचा एक हिशेब निघाला: पेट्रोल, हवा, नाशिकचा फेरा. तो पाहून वडील काही वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "हे राहू द्या."

कारागिराने तळाची चार बोटे रुंदीची पट्टी कापली, मापाचा पत्रा वळवला, आणि पत्रा तापून वाकू नये म्हणून थोडथोड्या अंतराने टाके देत जोडला. बाहेरून शिवण घासून सपाट केली. आतून ती तशीच ठेवावी, असे आम्ही सांगितले. गंजरोधक रंग दिल्यावरही ती हाताला लागते. कापलेला तुकडा आणि कामाची तारीख लिहिलेली वही गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवली आहे. बाहेरून पाहणाऱ्याला दार अखंड दिसते. ज्याला खरे जाणून घ्यायचे आहे, त्याने दार उघडून तळाशी बोट फिरवावे. ती आमची नागमोडी रेघ आहे.