एका बटणाचा इतिहास

मैफलीस आरंभ होण्यापूर्वी तंबोरा लावीत बसलेल्या गवयाकडे ज्यांनी लक्षपूर्वक पाहिले असेल, त्यांस एक गोष्ट खचित आठवेल. खुंट्या पिळून तारा स्वरात आल्या, मणी सरकवून उरलेसुरले अंतरही मिटले, तरी त्याचे समाधान होत नाही. तो घोडीवर वाकतो आणि तारेखालचा सुताचा दोरा केसभर पुढेमागे करतो. स्वराची उंची तीच राहते, परंतु आतापर्यंत मुकी भासणारी तार एकाएकी बोलू लागते. जवारी लागली असे आपण म्हणतो ते हेच. शास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या वरच्या उपस्वरांचे प्रमाण त्या दोऱ्याने पालटले. एवढ्याशा हालचालीने स्वराचा सर्व रंग बदलतो. मात्र योग्य जागा एकदा सापडली की गाणे चालू असता दोऱ्यास सहसा कोणी हात लावीत नाही.

गेल्या शंभर वर्षांत विजेच्या साहाय्याने वाजणारी जी वाद्ये निर्माण झाली, त्यांत हाच दोरा निराळ्या रूपाने वादकाच्या बोटांखाली आला, आणि वादन चालू असतानाच हलू लागला. आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने रेडिओचा जो कान पिळला त्याच जातीचे हे एक फिरते बटण होय. ते फिरविले असता स्वर मंद होतो, झाकोळतो, उजळतो किंवा प्रतिध्वनीत विरून जातो. हे बटण दिसण्यात इतके क्षुल्लक आहे की त्यास काही इतिहास असेल असे कोणाच्या मनात येणार नाही. परंतु त्यामागे एक बिकट प्रश्न उभा आहे. विजेने उत्पन्न केलेल्या ध्वनीची अंगे पुष्कळ आणि माणसाचे हात दोनच. तेव्हा वादकाच्या हाती काय द्यावयाचे, यंत्राच्या पोटात काय ठेवावयाचे, आणि हे ठरवावयाचे कोणी?

ह्या प्रश्नाचे पहिले स्मरणीय उत्तर रशियात मिळाले. लेव्ह टेर्मेन ह्या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाने १९२० च्या सुमारास पेत्रोग्राद येथे एक वाद्य सिद्ध केले आणि १९२२ साली ते लेनिनपुढे वाजवून दाखविले. त्यास बटणाचा किंवा पट्टीचा स्पर्शही नको होता. एका उभ्या तारखांबाजवळ हात नेला की स्वर चढे, आणि आडव्या वेटोळ्याजवळ दुसरा हात नेला की आवाज क्षीण होई. दोन हातांस दोन कामे नेमून देणारी ही योजना मोठी मनोहर खरी, परंतु हाताला टेकावयास काहीच आधार नसल्यामुळे स्वर नेमका पकडणे अतिशय दुष्कर होते. स्वातंत्र्य अमर्याद दिले की हात लटका पडतो, हा धडा पुढील वाद्यकारांस येथेच मिळाला.

फ्रान्समधील मोरिस मार्तनो हा स्वतः चेलोवादक होता. त्याने १९२८ साली पॅरिसमध्ये आपले वाद्य लोकांपुढे मांडले. उजव्या हाताने स्वर निवडावयाचा आणि डाव्या हाताखाली एक लहानशी कळ ठेवावयाची. ती कळ जितकी खोल दाबावी तितका ध्वनी वाढतो, आणि ती दाबलीच नाही तर उजवा हात कितीही फिरला तरी वाद्य मौन धरते. आपल्या बाजाच्या पेटीचा भाता ज्यांनी हाताळला आहे त्यांस हे काम परिचयाचे वाटेल. परंतु पेटीच्या पोटात साठलेली हवा हाताचे हेलकावे पुष्कळसे सपाट करून टाकते, उलट मार्तनोच्या कळीस बोटाचा लहानसा कंपही कळतो. ऑलिव्हिए मेसियाँ ह्या फ्रेंच रचनाकाराने १९४९ साली बोस्टन येथे प्रथम वाजविल्या गेलेल्या आपल्या एका विशाल रचनेत ह्या वाद्यास मानाचे स्थान दिले. त्या रचनेचे नाव ‘तुरंगलीला’. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त देशी तालांची जी नामावळी दिली, तिच्यात हे नाव सापडते. देवगिरीचा शब्द आणि पॅरिसची कळ ह्यांची अशी गाठ पडावी, हा इतिहासाचा एक कौतुकास्पद योग म्हटला पाहिजे.

ह्यापुढचे पाऊल अमेरिकेत पडले. १९६४ साली रॉबर्ट मूग ह्याने न्यूयॉर्क राज्यात जी यंत्ररचना केली, तिच्या मुळाशी एक साधा पण दूरगामी विचार होता. तो असा की, जे काम हात बटण फिरवून करतो ते काम विजेच्या दाबाकडूनही करविता येईल. स्वराची उंची, त्याची तीव्रता, त्याचा रंग ही सारी अंगे एकाच मापाच्या दाबास वश झाली. साहजिकच एका बटणातून निघालेला दाब तीन-चार ठिकाणी वाटून देणे शक्य झाले. एक लगाम आणि अनेक घोडे ही स्थिती येथे आली. मूगच्या यंत्रातील सर्वांत वाखाणला गेलेला भाग म्हणजे त्याची ध्वनीची गाळणी, ज्यास फिल्टर म्हणतात. तिचे पेटंट त्यास १९६९ साली मिळाले. ह्या गाळणीचे बटण एका बाजूस नेले की वरचे उपस्वर गाळले जाऊन ध्वनी मऊ व अंधारा होतो, आणि उलट फिरविले की ते एकामागून एक प्रकट होऊ लागतात. तंबोऱ्याचा दोरा आता हलता झाला तो असा.

येथवर जी नावे आली ती वाद्ये घडविणाऱ्यांची. परंतु बटणाचा खरा इतिहास ते फिरविणाऱ्यांनी घडविला, आणि त्याची साक्ष पाहावयाची तर प्रयोगशाळा सोडून जमैका बेटावरील किंग्स्टन शहराच्या वॉटरहाउस नामक गरीब वस्तीत जावे लागते. तेथे ऑस्बोर्न रडॉक नावाचा एक कारागीर रेडिओ व ध्वनिवर्धक दुरुस्त करून पोट भरीत असे. जगाने त्यास किंग टबी ह्या नावाने ओळखले. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी त्याने एका मोठ्या ध्वनिमुद्रणगृहाने टाकून दिलेला चार मार्गांचा जुना मिश्रणफलक मिळविला आणि तो आपल्या लहानशा घरात बसविला. त्या फलकावर एक मोठे बटण होते. ते फिरविले असता खालचे स्वर टप्प्याटप्प्याने कापले जात. ही मर्यादा दर सेकंदास ७० कंपनांपासून साडेसात हजारांपर्यंत चढविता येई. अशा गाळणीचे नेहमीचे काम म्हणजे मुद्रणात शिरलेली खालची घरघर काढून टाकणे. झाडू मारण्याइतकेच ते नीरस.

रडॉकने मात्र हा झाडूच कुंचल्याप्रमाणे वापरला. आधी तयार असलेल्या गाण्यातून गायकाचा कंठ काढून घ्यावा, केवळ ढोल आणि खर्जाची गिटार उरू द्यावी, आणि मग सबंध ताल त्या बटणाखालून असा न्यावा की तो क्षणात टिनपत्र्यासारखा पातळ व्हावा आणि दुसऱ्या क्षणी आपल्या सर्व वजनानिशी परत यावा. हे सर्व तो एका दमात, ऐकत ऐकत करी. म्हणून एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या त्याच्या हातून सारख्या उतरत नसत. ‘डब’ ह्या नावाने प्रसिद्ध झालेला हा प्रकार पुढे जगभर गेला. रडॉक स्वतः ६ फेब्रुवारी १९८९ रोजी आपल्या घराबाहेर मारेकऱ्याच्या गोळीस बळी पडला. मिश्रणफलक हेही एक वाद्य आहे, हे त्याच्याइतके स्पष्ट दाखवून देणारे थोडेच झाले असतील.

ह्याच जातीची दुसरी कथा जपानी यंत्राची आहे. रोलंड ह्या कारखान्याने १९८१ च्या सुमारास तादाओ किकुमोतो ह्यांच्या योजनेनुसार टीबी-३०३ नावाची एक लहान पेटी बाजारात आणली. एकट्या गिटारवादकास साथीला खर्जाचा वादक मिळावा एवढाच तिचा उद्देश. तो काही सफल झाला नाही. तिचा आवाज खऱ्या खर्जाच्या गिटारीसारखा मुळीच नव्हता, आणि १९८४ साली तिचे उत्पादन थांबले. परंतु उतरलेल्या भावात विकल्या जाणाऱ्या त्या पेट्यांपैकी एक शिकागोतील तीन तरुणांच्या हाती आली. त्यांनी यंत्रास एक लहानशी स्वरावली घोकीत ठेवले आणि ते घोकत असता गाळणीचे बटण फिरवीत राहिले. स्वर तेच, ताल तोच, परंतु त्यांचा रंग वितळतो, कर्कश होतो आणि पुन्हा निवळतो. १९८७ साली ‘फ्यूचर’ ह्या नावाने त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘ॲसिड ट्रॅक्स’ ह्या ध्वनिमुद्रिकेत अकरा मिनिटांहून अधिक काळ मुख्यतः एवढेच घडते, आणि तेवढ्यावर नृत्यसंगीताची एक नवी शाखा उभी राहिली.

येथे आपल्या मुंबईचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणारे चरणजित सिंग ह्यांनी १९८२ साली, म्हणजे शिकागोच्या त्या ध्वनिमुद्रिकेच्या पाच वर्षे आधी, हीच जपानी पेटी घेऊन भैरवी, ललित, तोडी, यमन, मालकंस अशा दहा रागांची एक तबकडी मुद्रित केली. त्या काळी तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा ऐकणारे चकित झाले, आणि २०१५ साली मृत्यू येण्यापूर्वी सिंग ह्यांस उतारवयात परदेशी रंगमंचावर आपले राग वाजविण्याचा मान मिळाला. मुंबई व शिकागो ह्यांस एकमेकांची वार्ताही नव्हती. एका अपयशी ठरलेल्या यंत्राचे खरे सामर्थ्य दोन ठिकाणी स्वतंत्रपणे हातांस गवसले, एवढेच म्हणणे न्याय्य होईल.

आज हे बटण पुष्कळदा संगणकाच्या पडद्यावर किंवा त्यास जोडलेल्या फळीवर असते. २००६ साली एबलटन लाइव्ह ह्या बर्लिनच्या संगीतप्रणालीने, एका बटणास अनेक गुणधर्म बांधता येतील अशी सोय सामान्य वादकांस करून दिली. त्यामुळे मार्तनो किंवा मूग ह्यांनी जे निर्णय घेतले ते आता कोणत्याही हौशी तरुणास आपल्या खोलीत बसून घ्यावे लागतात. ते निर्णय सोपे नाहीत. एक उदाहरण देतो. माणसाचे कान साधारणपणे दर सेकंदास २० पासून २०,००० कंपनांपर्यंत ऐकतात, म्हणजे सुमारे दहा सप्तके. गाळणीचे बटण अंकगणिताच्या सरळ मापाने आखले तर अर्ध्या फेरीतच १०,००० चा आकडा येतो. पहिल्या अर्ध्यात नऊ सप्तके कोंबली जातात आणि उरलेल्या सबंध अर्ध्यात एकच सप्तक उरते. असे बटण आरंभी उधळते आणि नंतर निर्जीव होते. कान अंतरे मोजतो ती गुणोत्तराने. म्हणून बटणाची आखणीही गुणोत्तरानेच हवी, आणि तशी केली असता मध्यबिंदू सुमारे ६३२ वर येतो.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. १९८३ साली निरनिराळ्या कारखान्यांच्या वाद्यांस एकमेकांशी बोलता यावे म्हणून ‘मिडी’ नावाची जी सांकेतिक भाषा ठरली, तिच्यात बटणाच्या साध्या संदेशास १२८ च पायऱ्या आहेत. दहा सप्तके त्यांत वाटली की प्रत्येक पायरी पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराएवढी भरते. मींड काढावयास जावे आणि हाती जिना यावा तसा हा प्रकार. त्या पायऱ्या घासून सपाट करण्याचे काम बटण घडविणाऱ्याकडे येते. शिवाय प्रतिध्वनी वाढवीत नेला तर एका मर्यादेपलीकडे तो स्वतःवरच पोसला जाऊन कानठळ्या बसविणारा गोंगाट होतो. तेव्हा ती मर्यादा कोठे घालावयाची, आणि एक गोष्ट वाढत असता दुसरी किती उतरवावयाची, हेही आधीच ठरवून ठेवावे लागते. थोडक्यात, वादकास भर कार्यक्रमात डोळे मिटून बटण फिरविता यावे म्हणून दुसऱ्या कोणीतरी, किंवा त्यानेच पूर्वी केव्हातरी, पुष्कळ वेळ डोळे उघडे ठेवून बसणे अवश्य असते.

परंतु येथेच एक धोका आहे, आणि हा लेख लिहिण्यास तोच कारण झाला. सर्व निर्णय आधीच झाले असतील तर वादकाकडे काय उरते? आजकाल अशीही बटणे मिळतात की ज्यांवर एखादे आकर्षक विशेषण लिहिलेले असते, आणि ती कितीही फिरविली तरी परिणाम बरा दिसावा अशी व्यवस्था आत केलेली असते. त्यांत चूक होण्याची भीती नाही. पण टबीच्या बटणाने चूक होऊ शकत होती, शिकागोच्या पेटीतून किंकाळीही निघू शकत होती, आणि म्हणूनच ती फिरविणाऱ्यास क्षणोक्षणी ऐकावे लागत होते. ज्या बटणाने कानास सुटी दिली ते वादनाचे साधन राहिले नाही, असा माझा तरी अभिप्राय आहे. कोणी म्हणेल की मर्यादा घालणे आणि कानास सुटी देणे ह्यांत भेद करणे अवघड आहे. अवघड आहे हे मान्य, तथापि तो भेद करून दाखविणारे कारागीर आपल्याकडे फार पूर्वीपासून आहेत.

मिरजेचा तंबोरे करणारा कारागीर भोपळा निवडतो, दांडी जोडतो, घोडीचा माथा कानसेने घासून त्यास तो नेमका उतार आणतो. ह्या उतारावाचून कोणत्याही दोऱ्याने जवारी लागणार नाही. एवढे सर्व करून तो तंबोरा गवयाच्या स्वाधीन करतो. दोरा नेमका कोठे थांबवावयाचा, हे मात्र मैफलीच्या दिवशी, त्या दालनात, त्या गळ्याबरोबर, गवयानेच ऐकून ठरवावयाचे असते.