सीमापार वकिलीचे शिक्षण : चंद्रपूर व गडचिरोली

आपल्या देशाचा कायदा शिकलेल्या वकिलाला परक्या देशाचा कायदा, परके न्यायालय, लवाद किंवा आंतरराष्ट्रीय करार हाताळता यावा यासाठीचे विधी शिक्षण. चंद्रपूर जिल्ह्यात त्याची ठळक सुरुवात एका बॅरिस्टरपासून होते.

भाऊराव देवाजी ऊर्फ राजाभाऊ खोब्रागडे (१९२५–१९८४) हे मूळचे चंद्रपूरचे. इंग्लंडला जाऊन ते बॅरिस्टर झाले आणि परतल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत उतरले. नागपूरच्या दीक्षा सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, चांद्याला (आजच्या चंद्रपूरला) झालेल्या धम्मदीक्षेच्या आयोजनात त्यांचा पुढाकार होता. पुढे १९६९ ते १९७२ या काळात ते राज्यसभेचे उपसभापती होते. त्यांच्या पिढीला लंडनची सनद हेच सीमापार शिक्षण होते. इथल्या न्यायालयांचा कायदा मुळात तिथल्याच साच्यातला असल्याने तिकडे शिकलेले इकडे सहज चाले. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने वकिलांचा एकच वर्ग केला. ३१ डिसेंबर १९७६ नंतर बॅरिस्टर झालेल्यांना त्या सनदेवर इथे थेट नोंदणी मिळेनाशी झाली. आज परदेशी पदवी घेऊन आलेल्या भारतीयाला बार कौन्सिलची मान्यता मिळवावी लागते आणि पात्रता परीक्षाही द्यावी लागते.

उलट दिशेचा, म्हणजे परदेशी वकिलांनी इथे काम करण्याचा, प्रश्न बराच काळ न्यायालयात अडकून होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ए. के. बालाजी प्रकरणात परदेशी वकिलांना अधूनमधून येऊन सल्ला देण्याइतकीच मुभा ठेवली. २०२३ मध्ये बार कौन्सिलने परस्परतेच्या अटीवर त्यांची नोंदणी करण्याचे नियम काढले, मात्र न्यायालयात उभे राहण्यास मनाई कायम ठेवली.

शिक्षणाच्या सोयी पाहायच्या तर गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये गडचिरोलीला स्थापन झाले. दोन्ही जिल्हे त्याच्या क्षेत्रात येतात. नागपूरजवळ वारंगा येथे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडहून मात्र नागपूर तीनशे किलोमीटरांहून दूर. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा हा विषय सक्तीचा आहे, तर आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा ऐच्छिक गटांत मोडतो.

या जिल्ह्यांच्या वकिलाला पहिली सीमा मात्र शेजारच्या राज्याची लागते. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात, आणि एकाच घरात दोन्ही राज्यांची कागदपत्रे सापडतात. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंच्याजवळ गोदावरीवर तेलंगणने बांधलेला मेडीगड्डा बंधारा २०१९ मध्ये सुरू झाला. त्याच्या फुगवट्याचा फटका महाराष्ट्राकडच्या शेतीला बसला. अशा वेळी शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागायची, नुकसानीचा पंचनामा कोणत्या तहसीलचा, दोन राज्यांमधला करार त्याच्या उपयोगाचा आहे की नाही, ही सगळी सीमापार कायद्याचीच प्रश्नपत्रिका आहे. तिला विषयाचा दर्जा दिला जात नाही, ही मोठी उणीव आहे.

दुसरी सीमा जंगलाची. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा) आणि वनहक्क कायदा वाचताना अभ्यासकाला जिनिव्हा आणि न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजांपर्यंत जावे लागते. भारताने १९५८ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार क्र. १०७ मान्य केला. त्यानंतरचा, आदिवासींच्या संमतीला अधिक वजन देणारा क्र. १६९ आजवर मान्य केलेला नाही. मूलनिवासींच्या हक्कांच्या २००७ च्या जाहीरनाम्याला मात्र संयुक्त राष्ट्रांत भारताने अनुकूल मत दिले. वनहक्काच्या दाव्यात यांपैकी कोणता दस्तऐवज बंधनकारक म्हणून मांडता येतो आणि कोणता केवळ अर्थ लावण्यासाठी, हा भेद वकिलाला उमगला पाहिजे. तो इथल्या वर्गात तपशिलाने शिकवणे अगत्याचे आहे.

गेल्या काही वर्षांत इथली मुले वकिलीच्या आणि परदेशी शिक्षणाच्या वाटेने निघाली आहेत. माडिया या आदिवासी समाजातील पहिले वकील म्हणून भामरागडचे लालसू नोगोटी ओळखले जातात. चंद्रपूर जिल्ह्यातील दीपक चटप यांना २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळाली आणि ते लंडनच्या सोआस विद्यापीठात शिकले. गडचिरोलीचे बोधी रामटेके युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्तीवर मानवी हक्कांच्या अभ्यासाला गेले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आदिवासी विकास विभागाचीही स्वतंत्र योजना आहे.

भाषेचा अडसर मात्र पासपोर्टने दूर होत नाही. माडिया मूल घरी माडिया बोलते, शाळेत मराठी शिकते आणि कायदा इंग्रजीत वाचते. ग्रामसभेतला ठराव माडियात किंवा गोंडीत बोलला जातो, मराठीत लिहिला जातो आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे इंग्रजीत मांडला जातो. या दोन भाषांतरांत एखादा शब्द निसटला तर दाव्याचा अर्थच बदलतो. बार कौन्सिलच्या सक्तीच्या विषयांत अशा भाषांतराला वेगळी जागा नाही.